उभे काका, आडवे काका

माणूस आडवा झाला असे मराठीत म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मनात दोनच शंका येतात. पहिली ही, की गृहस्थ जेवून जरा लवंडले असतील. आणि दुसरी बोलून दाखवण्यासारखी नसते. या शब्दाला तिसराही एक अर्थ आहे, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी एका छापखान्याच्या पायरीवर कळले. गृहस्थ फोटोत ताठ उभे आहेत, हसत आहेत, हात वर करून आकाशकंदील टांगत आहेत. आणि फोटोतून कागदावर येताना वाटेत कुणीतरी त्यांना आडवे पाडले आहे, असाही एक आडवेपणा असतो. वर्षभर या सदरातून मी आपल्या बारीकसारीक फजित्या सांगत असतो. ही जरा मोठी होती, म्हणून दिवाळीसाठी राखून ठेवली.

झाले असे, की आमच्या मावशीने वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आणि तिचे सहस्रचंद्रदर्शन करावे असे घरात ठरले. हजार पौर्णिमा पाहिलेली बाई म्हणजे काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. म्हणजे हजारांसाठी ऐंशी वर्षे आणि वर काही महिने खर्ची घालावे लागतात. कुणी म्हणाले, जेवणावळ घालू. कुणी म्हणाले, धान्यतुला करू. शेवटी मावशीची नात म्हणाली, "आजीच्या आयुष्यावर एक छोटी पुस्तिका छापू या. चोवीस पानं, चाळीस फोटो." सर्वांनी माना डोलावल्या आणि त्याच माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. पूर्वी एकदा मी आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल छापून आणला होता. एकदा अहवाल छापून आणलेल्या माणसाला पुढे जन्मभर संपादक समजले जाते.

मजकुराचे काम सोपे होते. मावशी बोलत गेली आणि मी लिहीत गेलो. फोटोंचे मात्र तसे नव्हते. नाशिकच्या भाचीने पाठवले, ठाण्याच्या पुतण्याने पाठवले, नातीने तर एक अख्खी थैलीच रिकामी केली. आठवडाभरात माझ्या संगणकावर चाळीस फोटो गोळा झाले. एकेक उघडून पाहिला. सगळे कसे सरळ, उभेच्या उभे. मग ते मजकुरात एकेक करून बसवू लागलो, आणि तिसऱ्याच पानावर मुंजीतला बटू भिक्षा मागता मागता कुशीवर पडला. पुढे एका पानावर समईची ज्योत आडवी जळू लागली. सातव्या पानावर आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, स्टुलासकट निजले. चाळिसांपैकी अकरा फोटो असे डावीकडे डोके करून पहुडले होते. गंमत अशी, की तोच फोटो बाहेर उघडला की सरळ, आणि मजकुरात आणला की आडवा!

मी माझ्या परीने उपाय केला. संगणकात छायाचित्रे दुरुस्त करण्याचा एक जुनापुराणा प्रोग्रॅम होता. त्यात काकांचा फोटो उघडला, तर तिथेही ते आडवेच. हे बरे झाले, म्हटले. रोग निदान दिसतो तरी आहे. एक कळ दाबली, काका उठून उभे राहिले. जतन केले. जरा उजेड वाढवला, पुन्हा जतन केले. कडा कापल्या, पुन्हा जतन केले. अकराही फोटोंची अशी सेवा केली आणि मजकुरात बसवून पाहिले. सगळे सरळ! मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! छापखान्याने फोटो वेगळे मागितले होते, तेव्हा मजकूर आणि फोटोंची थैली असे दोन्ही पाठवून मी निश्चिंत झालो.

चार दिवसांनी प्रुफांचे पाकीट आले. मी ते न उघडताच तसेच मावशीकडे नेले. म्हटले, पहिला मान तिचा. पाकीट आपण आधी उघडून पाहायला हवे होते, एवढे शहाणपण मला त्या दिवशी नव्हते.

मावशीने चष्मा लावला, एकेक पान उलटत गेली. तिसऱ्या पानावर हसली. "हा का रे असा लोळतोय?" म्हणाली. सातव्या पानावर आली आणि थांबली. मी वाकून पाहिले. काका पुन्हा आडवे! आणि या खेपेला डोके उजवीकडे. पूर्वेला डोके करून झोपावे असे शास्त्र सांगते, तेव्हा प्रगती म्हणायची तर झाली होती. पण तो विनोद माझ्या ओठांवर आला नाही, कारण मावशीच्या चेहऱ्यावर मला काहीतरी वेगळेच दिसले.

"शेवटचे चार महिने ते आडवेच होते रे," ती म्हणाली. "कूस बदलायलासुद्धा माणूस लागायचं. तेव्हाचेही फोटो आहेत माझ्याकडे. ते नकोत, म्हणून तर मी हा शोधून दिला. २०२१ च्या दिवाळीतला. स्टुलावर चढून कंदील लावला त्यांनी. नको नको म्हणत होते मी. त्यानंतर असे उभे राहिलेच नाहीत."

तिने पान मिटले. रागावली नाही, रागावली असती तर बरे झाले असते. मी प्रुफे उचलली आणि थेट पेठेतला छापखाना गाठला.

छापखान्याचे मालक सज्जन गृहस्थ. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, आम्ही फोटोंना हात लावलेला नाही. जसे आले तसे बसवले." मीही छातीवर हात ठेवून सांगितले, की मी ते सरळ करून पाठवले होते. आम्ही दोघेही खरे बोलत होतो, आणि तरीही काका आडवे होते. शेवटी संगणकावर पाने लावणारी एक मुलगी खुर्ची वळवून म्हणाली, "काका, तुम्ही फोटो फिरवलेत, पण चिठ्ठी काढली नाहीत."

"कसली चिठ्ठी?"

तिने मला शेजारच्या स्टुलावर बसवले. "असं समजा," ती म्हणाली, "की तुमच्या घरी एक तसबीर आलीय. गाडीत मावावी म्हणून ती आडवी बांधलीय, आणि मागं एक चिठ्ठी डकवलीय, 'भिंतीवर लावताना उजवीकडे पाव वळसा द्या.' आता एक सुतार येतो, चिठ्ठी वाचतो, पाव वळसा देतो आणि तसबीर सरळ लावतो. दुसरा सुतार चिठ्ठीकडे बघतच नाही. जशी आली तशी खिळ्याला अडकवतो. तसबीर तीच. पण एकाच्या भिंतीवर उभी, दुसऱ्याच्या भिंतीवर आडवी."

"म्हणजे माझ्या संगणकात दोन सुतार आहेत?"

"दोन काय, डझनभर असतील. फोटो उघडून दाखवणारा प्रोग्रॅम चिठ्ठी वाचत होता. तुमचा मजकुराचा प्रोग्रॅम जुना, तो वाचत नव्हता. ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही दुरुस्ती केलीत, तोही वाचत नव्हता. तुम्ही तसबीर हातानं सरळ केलीत, चिठ्ठी तशीच राहिली. मग फोटो आमच्याकडे आला. आमचा प्रोग्रॅम नवा आणि आज्ञाधारक. त्यानं चिठ्ठी वाचली आणि सरळ तसबिरीला पुन्हा पाव वळसा दिला!"

असा तो उलगडा होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी हा प्रकार अनेकदा पाहिला आहे. दुधवाल्याला 'उद्या दूध नको' अशी चिठ्ठी बाटलीत ठेवावी, आणि ती काढायची राहून गेल्यामुळे परवाही दूध येऊ नये, त्यातलाच हा मासला. काम झाल्यावर चिठ्ठी फाडली नाही, तर आज्ञाधारक माणूसच सर्वांत जास्त घोटाळा करतो.

घरी आल्यावर मी या चिठ्ठीच्या मागेच लागलो. हिला एक नाव आहे, एक क्रमांक आहे आणि बऱ्यापैकी जुना इतिहासही आहे. जपानमधल्या एका उद्योगसंघटनेने १९९५ साली डिजिटल कॅमेऱ्यांसाठी एक नियमावली ठरवली. तिला 'एक्झिफ' म्हणतात. फोटो कधी काढला, भिंग किती उघडे होते, प्रकाश किती वेळ आत घेतला, असली टिपणे फोटोच्याच पोटात कशी लिहून ठेवायची, ते त्यात सांगितले आहे. त्यातलेच एक टिपण दिशेचे. ते मूळचे 'टिफ' नावाच्या चित्रपद्धतीतले, आणि त्याचा क्रमांक २७४. त्या रकान्यात १ ते ८ यांपैकी एकच आकडा येतो. १ म्हणजे जसे आहे तसे दाखवा. ३ म्हणजे पार उलटे करा. ६ म्हणजे उजवीकडे पाव वळसा द्या, आणि ८ म्हणजे डावीकडे. उरलेले २, ४, ५ आणि ७ हे आरशात पाहिल्यासारख्या उलट्या चित्रांसाठी आहेत. ते क्वचितच भेटतात. काकांच्या पोटात ६ होता. मावशीला अख्खी दुपार अस्वस्थ करणारा अपराधी तो हा एक आकडा!

आता कुणीही विचारील, की कॅमेऱ्याने ही चिठ्ठीची भानगड केलीच कशाला? फोटो मुळातच सरळ करून का देत नाही? मीही हेच विचारले होते. याचे उत्तर असे, की फोनमधला प्रकाश टिपणारा सेन्सर आतमध्ये पक्का बसवलेला असतो. आपण फोन उभा धरला म्हणून तो काही आत गिरकी घेत नाही. बहुतेक फोनमध्ये त्याची लांब बाजू फोनच्या लांबीला धरून असते. त्यामुळे फोन उभा धरून काढलेले चित्र त्याच्या दृष्टीने आडवेच टिपले जाते. एका फोटोत ४०३२ बाय ३०२४ ठिपके धरले, तरी ते एक कोटी एकवीस लाखांवर जातात. इतके ठिपके एकेक करून नव्या जागी नेऊन बसवायचे, त्यापेक्षा 'पाहणाऱ्याने वळवून घ्यावे' असा एक आकडा लिहून मोकळे होणे सोपे. सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांची ताकद बेताची होती, तेव्हा ही सोय शहाणपणाचीच होती. पुढे फोन बलवान झाले, पण पद्धत तीच राहिली. घरात मिक्सर आला म्हणून कुणी पाटा-वरवंटा लगेच फेकून देत नाही, तसेच हे.

चिठ्ठी लिहिणारे १९९५ पासून लिहीत राहिले. वाचणाऱ्यांनी मात्र सवडीने घेतले. संकेतस्थळे दाखवणाऱ्या क्रोम आणि फायरफॉक्स या प्रोग्रॅमांनी पानातल्या चित्रांची चिठ्ठी न सांगता वाचायला सुरुवात केली, ती थेट २०२० साली. म्हणजे मधे पंचवीस वर्षे गेली! एवढ्या काळात माणसाचे शिक्षण, नोकरी आणि लग्न उरकते. आजचे बहुतेक नवे प्रोग्रॅम चिठ्ठी वाचतात, पण सगळे नव्हे. लिबरऑफिस तर फोटो आत घेताना अदबीने विचारतो, की हे चित्र वळवलेले दिसते, सरळ करून घेऊ का? असा पाहुणचार मला तरी आवडला. पीडीएफची गोष्ट वेगळी. त्याच्या आत जसाच्या तसा बसवलेला फोटो चिठ्ठीचे काही ऐकत नाही. पीडीएफ बनवणाऱ्याने आधीच वळवून घेतला नसेल, तर तिथेही माणूस आडवाच.

उरलेले एकोणतीस फोटो मुळीच का पडले नाहीत, हे कोडेही सुटले. काही फोन आडवा धरून काढलेले होते. त्यांच्या पोटात १ होता. बाकीचे व्हॉट्सॲपवरून 'फोटो' म्हणून आले होते. तिथून फोटो पाठवला की तो मधल्या मधे नव्याने घडवला जातो. सरळ होऊन येतो, चिठ्ठी गळून पडते. पण त्याबरोबर अंगही बरेच उतरते. फोनच्या पडद्यावर ते कळत नाही; छापल्यावर मात्र नाकडोळे धूसर होतात. नातीने काळजीपूर्वक 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेले फोटो पूर्ण आकाराचे, चांगल्यातले चांगले होते. म्हणूनच ते चिठ्ठीसकट आले आणि आडवे झाले. चांगल्याचे वाईट होते म्हणतात ते असे!

आता माझ्या हातून घडलेला खरा अपराध सांगतो. काकांचा तो फोटो मी तीनचार वेळा फिरवून, उजळून, कापून, त्याच नावाने पुन्हा पुन्हा जतन केला होता. फोनचे फोटो बहुधा जेपेग पद्धतीचे असतात. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देऊन जागा वाचवते. एकदा असे केले तर काही बिघडत नाही. पण दर जतनाला ही काटछाट नव्याने होते. धोतर पुन्हा पुन्हा धोपटून धुतले की विरते, तसे चित्र विरत जाते. छापखान्यातल्या मुलीने काकांचा चेहरा पडद्यावर मोठा करून दाखवला, तेव्हा गालांवर बारीक चौकोनांची जाळी उठलेली मला स्पष्ट दिसली. मूळ फोटो मी माझ्या हाताने पुसून टाकला होता.

मी घाबरत घाबरत नातीला फोन केला. तिनेही मधल्या काळात फोन बदलला होता. "थांबा हं, मामा," ती म्हणाली, आणि ती जी दहा मिनिटे मी पायरीवर बसून काढली, ती मला बराच काळ विसरता येणार नाहीत. एका माणसाचा शेवटचा उभा फोटो, आणि तो बिघडवणारा मी! दहा मिनिटांनी तिचा निरोप आला. पूर्वी तिने तोच फोटो आपल्याच पत्त्यावर ई-मेलने पाठवून ठेवला होता. तो जसाच्या तसा सापडला होता. त्या मुलीचे कल्याण होवो.

मूळ फोटो आल्यावर छापखान्यातल्या मुलीने काय केले, ते मी मुद्दाम नीट पाहून ठेवले. तिने आधी फोटोची एक प्रत काढून बाजूला ठेवली. मग इरफानव्ह्यू नावाचा प्रोग्रॅम उघडला. हा १९९६ पासून चालत आलेला आहे आणि घरच्या वापराला फुकट मिळतो. त्यात जेपेग फोटो 'लॉसलेस', म्हणजे काही न गमावता, वळवण्याची सोय आहे. चित्र पुन्हा नव्याने घडवायचे नाही. ते चौकोनच उचलून नव्या जागी न्यायचे आणि जागच्या जागी वळवायचे. रंगांच्या हिशेबासाठी हे चौकोन कित्येकदा १६ बाय १६ चे धरावे लागतात. पण ४०३२ आणि ३०२४ या दोन्ही आकड्यांना १६ ने नेमका भाग जातो, त्यामुळे कडेला एक ठिपकाही उरत नाही. फोटो वळला, चिठ्ठीतला ६ जाऊन १ झाला. आता चिठ्ठी वाचणारा सुतार येवो की न वाचणारा, काका उभेच राहणार!

बाकीच्या दहा फोटोंचे मूळही मागवले आणि त्यांचीही तीच व्यवस्था झाली. शेकडो फोटो असले तर इमेजमॅजिक नावाच्या प्रोग्रॅमला 'ऑटो-ओरिएंट' अशी एकच आज्ञा द्यावी, तो सगळी थैली सरळ करून चिठ्ठ्याही दुरुस्त करतो, असे ती म्हणाली. मात्र तो चित्र नव्याने घडवतो, म्हणून मूळ प्रती बाजूला ठेवायच्या आणि हे एकदाच करायचे. काहीच जमत नसेल तर फोटो पडद्यावर सरळ उघडून त्या पडद्याचेच चित्र टिपावे. ते आडवे होत नाही. पण त्यात पडद्याएवढेच ठिपके मिळतात. अर्जाला किंवा पत्राला चालेल, छापायच्या पुस्तिकेला नको.

एक कोडे अजून शिल्लक होते. मावशीच्या जुन्या अल्बममधले काळेपांढरे फोटो मी स्वतः टेबलावर ठेवून, वरून फोन धरून टिपले होते. त्यांतले काही सरळ आले होते आणि काही कसेही. मी तर प्रत्येक वेळी तसाच उभा होतो! याचेही कारण मोठे मजेचे आहे. फोनला वर कुठले आणि खाली कुठले, हे गुरुत्वाकर्षणावरून कळते. आतला एक लहानसा सेन्सर पृथ्वीची ओढ कोणत्या बाजूला आहे ते पाहतो, आणि त्यावरून चिठ्ठीतला आकडा ठरतो. पण फोन टेबलावर पालथा धरला, की ती ओढ सरळ पडद्याच्या पाठीमागे जाते. चारही कडा तिला सारख्याच. मग फोन बिचारा आधीची शेवटची दिशा धरून बसतो. अंधारात पायरी चुकली की माणूस मागच्या पायरीचा अंदाज धरतो, तसे. म्हणून जुने फोटो टिपायचे तर ते भिंतीला टेकवून उभे करावेत आणि समोरून टिपावेत. टेबलावरच टिपायचे असतील, तर आधी फोन क्षणभर नीट उभा धरावा आणि मग अलगद खाली वाकवावा.

या सगळ्या प्रकारातून मी चार गोष्टी शिकलो, त्या मांडतो. मूळ फोटोला हात लावण्यापूर्वी त्याची प्रत काढावी. फोटो मजकुरात बसवल्यावर तिथल्या तिथे वळवत बसू नये, कारण ते वळण त्या मजकुरापुरतेच असते. तोच फोटो दुसरीकडे गेला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मजकुरात घालण्यापूर्वीच, चिठ्ठी कळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो एकदाच वळवावा आणि चिठ्ठीही दुरुस्त झाली की नाही ते पाहावे. आणि पडद्यावर सरळ दिसला एवढ्यावर कधीही विश्वास ठेवू नये. छापून आलेले प्रूफ आधी आपण पाहावे, मग दुसऱ्याच्या हातात द्यावे. यांतली शेवटची गोष्ट शिकायला संगणकाची गरज नव्हती, तरीही ती मला सर्वांत महाग पडली.

माझ्या लहानपणी आमच्याकडे फोटो काढायला एक गृहस्थ तिपाई घेऊन येत. काळ्या बुरख्यात डोके घालून पाहिल्यावर त्यांना काचेवर आमचे अख्खे कुटुंब खाली डोके वर पाय असे दिसे. तो कॅमेऱ्याचा धर्मच होता. पण आमच्या हातात फोटो येई तो सरळ. उलटे ते पाहत, आणि सरळ करून आम्हाला देत. आम्हाला त्याचा पत्ताही नसे. आताचा फोन तसे करत नाही. जसे टिपले तसे देतो आणि सोबत चिठ्ठी लिहून ठेवतो. वाईट काही नाही, पण चिठ्ठी वाचण्याची जबाबदारी आता आपल्यावर आली, एवढे खरे.

दुसऱ्या खेपेची प्रुफे मी छापखान्यातच पानन् पान तपासली, घरी आणून पुन्हा तपासली आणि मग मावशीकडे नेली. तिने चष्मा लावला. बटू उभा होता, समईची ज्योत वर जात होती. सातव्या पानावर ती थांबली. काका स्टुलावर उभे, दोन्ही हात वर, टाचा किंचित उचललेल्या, आणि तोंडात कंदिलाच्या दोरीचे एक टोक.

मावशीने बराच वेळ पाहिले. मी काही विचारले नाही.

"स्टूल डुगडुगतंय बघ," ती म्हणाली. "तेव्हाही मी हेच म्हणत होते, धरू का म्हणून. ऐकतील तर शपथ."

मग तिने पान मिटले नाही. पुस्तिका तशीच उघडी ठेवून ती चहा टाकायला आत गेली.